चौदा महिने मोठ्या ब्लॉकवर: फी विसरलो, घड्याळ विसरता येईना

परवा दुपारी बिटकॉइन कॅशच्या (बीसीएच, मोठ्या ब्लॉकच्या वादातून बिटकॉइनपासून फुटलेलं चलन) चेनवर 71 मिनिटं एकही ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, आला नाही आणि नेमके तेव्हाच माझे कॉइन एक्स्चेंजच्या वाटेवर होते. सहा कन्फर्मेशन (व्यवहार ज्यात बसला तो ब्लॉक आणि त्यावर चढलेले ब्लॉक) झाली होती, नऊ बाकी. या एक्स्चेंजला बीटीसीसाठी (मूळ बिटकॉइन) तीन पुरतात, बीसीएचसाठी पंधरा लागतात. सातवं येईपर्यंत भाव घसरला. पंधरावं आलं तेव्हा विकण्यात काही राम उरला नव्हता आणि मी सपोर्टशी भांडून दमलो होतो. चौदा महिने लिहू लिहू म्हणत राहिलेला हा अनुभव त्या रागात लिहून काढतोय, तेव्हा सूर जरा चढा लागला तर समजून घ्या.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखरच चांगलं आहे.

मी मोठ्या ब्लॉककडे वळलो तो तत्त्वासाठी नाही, कंजूषपणासाठी. एप्रिल 2024 मधलं हाल्व्हिंग (ब्लॉक काढणाऱ्या मायनरचं बक्षीस निम्मं होणं) आठवतंय ना? त्या दिवशी रून्सची (बिटकॉइनवर टोकन काढायची नवी पद्धत) झुंबड उडाली आणि बीटीसीची सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली. माझ्या वॉलेटमध्ये तेव्हा छोट्या छोट्या रकमांचे ढीगभर तुकडे पडून होते. एकेक तुकडा खर्च करायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त फी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही आगाऊ. डिसेंबर 2017 मध्ये हेच बघितलं होतं आणि तेव्हा ‘होईल सुरळीत’ म्हणून गप्प बसलो होतो. या वेळी नाही बसलो.

इकडे आल्यावर फी म्हणजे बाइटला एक सातोशी (कॉइनचा दहा कोटीवा भाग). साधा व्यवहार सव्वादोनशे बाइटचा, म्हणजे सव्वादोनशे सातोशी. मला सगळं वहीत लिहायची खोड आहे, म्हणून हिशेब आहे: चौदा महिन्यांत तीनशेच्या आसपास व्यवहार केले आणि सगळ्यांची मिळून फी एक डॉलरही झाली नाही. फीचा अंदाज बघणं, रात्री मेमपूल (ब्लॉकमध्ये जायला थांबलेल्या व्यवहारांची रांग) रिकामा व्हायची वाट पाहणं, आधी कमी फी लावून मग ती वाढवत बसणं हे सगळं मी पहिल्या महिन्यातच विसरलो. सवय इतकी बिघडली की इथेही चारशे तुकडे साठवून बसलो. ते एकाच व्यवहारात गोळा केले. एक इनपुट (खर्चलेला एक तुकडा) साधारण दीडशे बाइटचा, म्हणजे व्यवहार 60 केबीच्या घरात आणि फी 60,000 सातोशी, 0.0006 बीसीएच. बीटीसीवर 50 सातोशीचा दर असताना हेच केलं असतं तर 0.03 बीटीसी गेले असते. हा आकडा मी वहीत लाल शाईने लिहिलाय.

तीन महिन्यांनी मी एका मित्राला छातीठोकपणे सांगितलं, “बघ, ब्लॉक मोठा केला की फीचा प्रश्नच मिटतो. नऊ वर्षं उगाच भांडले लोक.” हे वाक्य मला नंतर गिळावं लागलं.

झालं असं की फुशारकी मारायला आपल्या हातात आकडे असावेत म्हणून मी घरी नोड (सगळी चेन स्वतः साठवून तपासणारा संगणक) लावला. ‘बिटकॉइन कॅश नोड’ नावाचं सॉफ्टवेअर, पडून असलेली जुनी फिरत्या चकतीची डिस्क आणि भरपूर संयम. (डिस्कबद्दल शहाण्यांनी सांगितलं होतं, एसएसडी घे. नाही घेतली. सिंकला, म्हणजे जुनी चेन उतरवून तपासायला, लागलेले दिवस हा त्या कंजूषपणाचा दंड. डेटा उतरवायला वेळ लागत नाही. न खर्चलेल्या तुकड्यांचा जो साठा आहे त्यात पुन्हा पुन्हा शोधाशोध करताना चकतीला धाप लागते.) सिंक होताना सप्टेंबर 2018 च्या सुरुवातीला गाडी अचानक मंदावली. तेव्हा मुद्दाम ताण देऊन बघितला होता, एका दिवसात वीस लाखांहून जास्त व्यवहार, वीस एमबीच्या पुढचे ब्लॉक. तो पट्टा सरला आणि नोड पुन्हा धावायला लागला. धावणारच, कारण पुढचे बहुतेक ब्लॉक चिमुकले आहेत. मर्यादा 32 एमबीची आणि आत किती? शेकड्यातले केबी. एमबीचा आकडा दिसला की मी थांबून बघतो.

म्हणजे मला फी स्वस्त पडली ती ब्लॉक मोठा म्हणून, की गिऱ्हाईक नाही म्हणून? पन्नास खोल्यांच्या लॉजमध्ये तीन पाहुणे असतील तर खोली स्वस्तच मिळणार. त्यावरून लॉज उत्तम चालतोय असं कोणी म्हणत नाही. वर गंमत अशी की माझी बीसीएचची पूर्ण चेन दोनशे जीबीच्या थोडी वर आहे आणि ‘छोट्या ब्लॉक’च्या बीटीसीची सहाशे जीबी ओलांडून गेली आहे. सेगविट नावाच्या बदलानंतर तिथे ब्लॉकचं वजन मोजतात, दीड-दोन एमबीचे ब्लॉक सर्रास पडतात आणि ते रोज भरतात. मोठ्या ब्लॉकमुळे घरच्या माणसाला नोड चालवणं परवडणार नाही, या भीतीवर 2015 ते 2017 केवढा धुरळा उडाला. मोठ्या ब्लॉकचं एक्सटी नावाचं सॉफ्टवेअर आलं, मग क्लासिक आलं, शेवटी 1 ऑगस्ट 2017 ला चेनच दुभंगली. आणि आज माझ्या जुन्या डिस्कवर मावते ती मोठ्या ब्लॉकवाली.

पण भीती खोटी होती असंही आता म्हणवत नाही. 32 एमबीचे ब्लॉक दिवसाला 144, भरून आले तर दिवसाला साडेचार जीबी, वर्षाला 1.7 टीबीच्या आसपास. माझी डिस्क सहा महिन्यांत हात वर करेल. बीएसव्हीवाल्यांनी (बीसीएचपासून 2018 मध्ये फुटलेली चेन) 2019 मध्ये मर्यादा 2 जीबी केली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये ती मुळातच काढून टाकली. तो नोड घरी लावायचा विचार मी कागदावर दोन गुणाकार करूनच सोडला. बीसीएचने मे 2024 मध्ये मधला मार्ग काढला: वापर वाढेल तशी मर्यादा आपोआप वाढेल, पण 32 एमबीच्या खाली येणार नाही. मला ते पटतं. दर दोन वर्षांनी आकड्यावरून भांडून चेन फोडण्यापेक्षा बरं, आणि चेन फोडायची यांना सवय आहे, 2018 मध्ये एकदा, 2020 मध्ये पुन्हा. मात्र ब्लॉक रिकामे असेपर्यंत ही यंत्रणा नुसती उभी आहे, तिला काम नाही.

फीच्या बाबतीत आणखी एक टोमणा सहन करावा लागला. 2025 मध्ये बीटीसीचा मेमपूलही कित्येक दिवस रिकामा राहिला आणि तिथेही बाइटला एक-दोन सातोशीत काम व्हायला लागलं. ज्या भाड्यासाठी घर बदललं ते जुन्याच घरात उतरलं. मित्राने हे मला न विसरता कळवलं.

आता घड्याळाकडे. हाच माझा खरा विषय, हे तुम्ही ओळखलं असेलच.

ब्लॉक आठपट केला, बत्तीसपट केला, तरी तो सरासरी दहा मिनिटांनीच येतो. हे मला आधीपासून माहीत होतं, पण माहीत असणं आणि भोगणं वेगळं. नोड लावल्यापासून मी एक छोटी स्क्रिप्ट चालवतो, ब्लॉक आला की ती शिट्टी वाजवते आणि वेळ लिहून ठेवते. घरचे म्हणतात मला वेड लागलंय. लागलं असेल, पण त्या वेडातून जे समजलं ते असं.

‘दहा मिनिटांनी एक’ हे लोकलच्या वेळापत्रकासारखं नाही, फाशांसारखं आहे. चाळीस मिनिटं ब्लॉक आला नाही म्हणून ‘आता येईलच’ असं काही नसतं. चाळीस मिनिटांनंतरही सरासरी वाट दहाच मिनिटांची, आणि फाशांना मागची चाळीस मिनिटं आठवत नाहीत. अर्ध्या तासापेक्षा मोठी खिंड दिवसातून सातेक वेळा पडायलाच हवी. तासापेक्षा मोठी दर तीन दिवसांतून एकदा. माझ्या स्क्रिप्टच्या नोंदी याच्याशी जुळतात, म्हणजे चेन बिघडलेली नाही. पूर्वी ती खरंच बिघडायची. 2020 च्या आधी काठिण्य (ब्लॉक काढणं किती अवघड ठेवायचं ते) ठरवायचं सूत्र असं होतं की मायनर झुंडीने यायचे, भराभर ब्लॉक उपसायचे आणि निघून जायचे, मागे तासन्‌तास दुष्काळ. नोव्हेंबर 2020 मध्ये असर्ट नावाचं नवं सूत्र आलं आणि ते थांबलं. आता जे उरलंय त्यात कुणाचाच दोष नाही, म्हणून तर जास्त चिडचिड होते. भांडायला समोर माणूस नाही.

आणि यातली सगळ्यात खट्याळ गोष्ट: तुम्ही मनाला येईल तेव्हा व्यवहार पाठवला तर तुम्ही ज्या खिंडीत सापडता ती सरासरी दहा मिनिटांची नसते, वीस मिनिटांची असते. मोठ्या खिंडी जागा जास्त अडवतात, म्हणून त्यात पाय पडण्याची शक्यताही जास्त. ‘मीच पाठवतो तेव्हा ब्लॉक का अडतो’ असं मला महिनोन्‌महिने वाटत होतं. ते खरंच तसं आहे, आणि सगळ्यांच्याच बाबतीत तसं आहे. हे कळल्यावर मला दोन दिवस फार बरं वाटलं.

मग अंतरच कमी का करत नाहीत? डोजकॉइनचा ब्लॉक एका मिनिटाचा, 1 एमबीचा. दहा मिनिटांत तिथेही 10 एमबी जागा होतेच, फक्त तुकड्यातुकड्यांनी. अडचण अशी की ब्लॉक जगभर पोचायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात दुसऱ्याने आपला ब्लॉक काढला तर एकाची मेहनत वाया जाते. अंतर जितकं कमी आणि ब्लॉक जितका जड, तितकी ही नासाडी जास्त, आणि तिचा फटका लहान मायनरला आधी. व्यवहार आधीच सगळ्यांच्या मेमपूलमध्ये असतात, त्यामुळे हल्ली पूर्ण ब्लॉक न पाठवता नुसत्या खुणा पाठवून भागतं. तरी दोन्हीकडून ताणता येत नाही. बीसीएचवाल्यांनी आकाराची बाजू धरली. मी फी वाचवायला आलो होतो, तेव्हा हे मला तेव्हा सोयीचंच वाटलं होतं.

आता एक्स्चेंजचं भांडण. मी लिहिलं, “बीटीसीला तीन आणि याला पंधरा, हा काय न्याय?” पहिलं उत्तर साच्यातलं आलं: आपल्या संयमाबद्दल आभार. दुसरंही तेच. तिसऱ्यांदा कुणीतरी माणूस बसला असावा, त्याने एका ओळीत लिहिलं की कन्फर्मेशनची संख्या चेनच्या हॅशरेटवर (मायनरांच्या यंत्रांची एकूण ताकद) ठरते. मी फणकाऱ्याने उत्तर टाइप केलं, पाठवलं नाही, कारण तो बरोबर होता. दोन्ही चेन एकाच प्रकारच्या एसएचए-256 यंत्रांवर चालतात आणि बीसीएचकडे बीटीसीच्या हॅशरेटचा टक्काही नाही. ज्याच्याकडे तिकडची थोडीशी यंत्रं आहेत तो मनात आणलं तर इकडे गोंधळ घालू शकतो. पंधरा कन्फर्मेशन घेऊनही मला तिकडच्या एकाइतकं बळ मिळत नाही. म्हणजे माझी अडीच तासांची वाट ब्लॉकच्या आकारामुळे नव्हती, आणि आकार कितीही वाढवला तरी ती कमी होणार नव्हती. मायनर फी आणि बक्षिसामागे जातात. बक्षिसाची किंमत भावावर, आणि फी तर मीच वर्षभर वाचवत होतो.

तो मेल मी अजून ड्राफ्टमध्ये ठेवलाय.

बाजू न्यायाने मांडायची तर हेही सांगायला हवं की रोजच्या वापरात मला कन्फर्मेशनची वाट बघावी लागत नाही. छोट्या रकमा घेणारे बहुतेक जण व्यवहार नेटवर्कवर दिसताच ‘मिळाले’ म्हणतात. इथे फी वाढवून व्यवहार बदलायची सोय नाही, कुणी तेच कॉइन दोनदा खर्चायला बघितलं तर नोड त्याचा पुरावा पसरवतात, आणि मे 2021 पासून न पक्क्या झालेल्या पैशांतून पुढे कितीही व्यवहारांची साखळी करता येते, आधी पन्नासावर अडायची. तीनशेतल्या पावणेतीनशेच्या आसपास व्यवहारांत माझं काम तीन सेकंदांत झालंय. वही उघडली तेव्हा हे लक्षात आलं. मी चिडलो ते उरलेल्या पंचवीस-तीसवर, एक्स्चेंजच्या वाटेवरच्या.

तर सध्याची व्यवस्था अशी. देणंघेणं बीसीएचवरच ठेवलंय, सोडायचा विचार नाही. घाईने विकावी लागेल अशी रक्कम आदल्या रात्रीच एक्स्चेंजवर टाकतो, म्हणजे पंधरा काय आणि वीस काय, झोपेत होऊन जातात. जुनी डिस्क परवापासून खरखर करतेय, एसएसडी बघून ठेवली आहे. 500 जीबीची घ्यावी की 1 टीबीची यावर दोन दिवस अडलोय, कारण 1 टीबी घेतली म्हणजे ब्लॉक भरतील असं मी धरून चालतोय.