गणपती पेठेतलं जुन्या रेकॉर्डचं दुकान, एकदा जाऊन याच

सांगलीत गणपती पेठेत एका बोळात जुन्या एलपी मिळतात, बोर्ड वगैरे काय नाही, विचारत जावं लागतं. मी गेलेलो नाट्यसंगीत शोधायला आणि हातात आली उम्म कुल्थुम! इजिप्तची गायिका, बाप गावातला इमाम, लहानपणी तिला मुलाचे कपडे घालून गायला न्यायचा. आपल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांचं बरोब्बर उलटं बघा. १९६४ चं 'इन्ता उम्री' लावलं दुकानदारानं, अहो नुसतं वाजपच किती वेळ चाललंय, बाई गायलाच तयार नाही, आणि मग एकच ओळ फिरवून फिरवून, लोक खुळ्यासारखे ओरडतायत, अगदी वन्समोअरच. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रेडिओवर तिचा कार्यक्रम असायचा. १९७५ ला गेली तेव्हा कैरोत लाखो लोक रस्त्यावर आले, खांदेकऱ्यांकडून तिरडीच काढून घेतली म्हणे. आजही तिकडं हॉटेलात तीच वाजते.

रेकॉर्ड ४५० ला पडली, घासाघीस चालत नाही. कव्हर फाटकं, दुसऱ्या बाजूला जरा खरखर आहे, पण घ्यायच्या आधी पूर्ण वाजवून दाखवतात आणि वर चहा. पार्किंगची मात्र बोंब, गाडी लांबच लावा.