कोल्ट १९०३, बत्तीस बोअर: दीड वर्ष आणि दोन पावसाळ्यांनंतर

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पिस्तुलाच्या मुठीवरची डाव्या बाजूची अक्रोडाची पट्टी स्क्रू काढून उचलली आणि खालून विटकरीसारखी भुकटी टेबलावर पडली. चिमूटभरच असेल. पण दीड वर्ष ज्या पिस्तुलाची मी तान्ह्या पोरासारखी निगा राखली, त्याच्या पट्टीखालून ती पडली, म्हणून हे लिहायला बसलो. वरून पिस्तूल आरशासारखं आहे. सगळा खेळ पट्टीखाली चाललाय.

पिस्तुलाची ओळख करून देत नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-रचनाकाराचं डिझाइन, बत्तीस बोअर (म्हणजे नळीचं माप), आठ गोळ्यांचं मॅगझिन, नाव 'हॅमरलेस' पण हॅमर, म्हणजे गोळीवर ठोका मारणारा भाग, आत दडलेला, हे सगळं हे वाचणाऱ्यांना पाठ असेल. आमचं आजोबांनी १९४७ नंतर मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून रीतसर परवान्यावर घेतलेलं. पुढे ते बाबांकडे आलं. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. परवानाधारक सत्तरीपुढे गेला की हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं, तसं करून घेतलं. भावाबहिणींची ना हरकत, पोलीस अहवाल, फोटो, परत फोटो. २०२४ च्या फेब्रुवारीत परवान्यावर माझं नाव चढलं. तोवर मला हे पिस्तूल म्हणजे घरातल्या जुन्या घड्याळासारखं वाटायचं. अंगावर जबाबदारी आली तेव्हा कळलं की घड्याळाला निदान चावी दिली की पुरतं.

वापराबद्दल दोन ओळीत सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाही. एकदाच रेंजवर नेलं. हाताला धक्का जाणवत नाही, मुठीमागची सेफ्टी आपसूक दाबली जाते, आणि नेम धरायची पुढची माशी इतकी बारीक की चष्मा बदलावा लागला. गोळ्यांचा भाव ऐकल्यावर दहा झाडल्या आणि घरी आलो. कोणी म्हणेल ही काय वापरानंतरची माहिती! पण ज्यांच्याकडे असं जुनं हत्यार आहे त्यांना ठाऊक असेल की आपण त्याला नव्व्याण्णव टक्के वेळा फडक्यानेच वापरतो.

तर गंज. आमचं घर देवगडच्या दक्षिणेला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. मिरग लागला की बिजागऱ्या कुरकुरतात, मीठ पाणी सोडतं, आगपेटीची काडी तिसऱ्या फटक्याला पेटते. अशा घरात ब्लूइंग केलेलं पोलाद ठेवायचं. ब्लूइंग हा रंग नाही हे मला फार उशिरा समजलं. तो लोखंडाचाच एक काळा ऑक्साइड, म्हणजे माणसाने आपल्या ताब्यात ठेवलेला गंज. तांबड्या गंजाला तो थोपवतो, पण वर तेल असेल तरच. तेल उडालं की खाऱ्या हवेला तो जेमतेम एक पावसाळा पुरतो.

पहिली चूक माझी. लोकसभेच्या निवडणुकीच्या वेळी बाकी परवानाधारकांसारखं मीही पिस्तूल ठाण्यात जमा केलं, आणि केलं ते आजोबांच्या चामडी होल्स्टरमध्ये घालून. मला वाटलं मऊ कातडं, ओरखडा उठणार नाही. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतात, आणि ते स्पंजासारखं हवेतला ओलावा पितं. जूनमध्ये परत आणलं तेव्हा होल्स्टरचा टाका जिथे टेकत होता तिथे, बरोबर त्याच रेषेत, तांबूस ठिपक्यांची माळ. ठाण्याचा काही दोष नाही, त्यांनी जसं दिलं तसं कपाटात ठेवलं.

बाबांना दाखवलं तर ते भडकले. "चाळीस वर्षां मी खोबरेल लावलंय, तेव्हा नाय गंजला ता!" गंजलं नसेल, पण खोबरेल थंडीत थिजतं आणि वर्षानुवर्षं साचून त्याचा चिकट थर होतो. मॅगझिन आत सरकताना अडकायचं त्याचं कारण तेच निघालं. मी रॉकेलने धुतलं तेव्हा जी पिवळी गोंदासारखी लुगदी निघाली तिला अजून खोबऱ्याचा वास होता. आईचं मत वेगळंच. "ह्येच्यापेक्षा माझो कोयतो बरो. गंजलो तरी कापता."

मग मी काटकसरीने शिलाई मशीनचं तेल वापरलं. छोटी बाटली, स्वस्त, वास नाही. वरवर उत्तम, पण इतकं पातळ की आमच्या हवेत महिन्याभरात ओघळून जातं. दर रविवारी पुसायचं ठरवलं तर चालतं. मी दर रविवारी पुसलंही, फक्त बाहेरून. पट्ट्यांचे स्क्रू काढले नाहीत, कारण जुन्या स्क्रूची खाच चुकीच्या पेचकसाने बिघडली की जाणकार माणूस लांबूनच नाक मुरडतो. त्या स्क्रूच्या खाचेपायी आतला सांगाडा गंजवला. लाकूडही चामड्यासारखंच ओलावा धरतं हे डोक्यात यायला दोन पावसाळे लागले.

आता भांडणाची गोष्ट. ठिपक्यांची माळ पाहून मी घाटावरच्या एका शहरातल्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मला फक्त ठिपके थांबवून हवे होते. म्हणाला, "साहेब, बफ मारून नवीन ब्लूइंग करून देतो, शोरूम पीस." मी नको म्हटलं. त्याने मान डोलावली आणि मी चहाला गेलो तेवढ्यात मॅगझिनचा तळ बफिंगच्या चाकाला लावला. तळावरची 'कोल्ट' ही अक्षरं आता बोटाला लागत नाहीत, फक्त तिरप्या उजेडात दिसतात. पुढचा नंबर स्लाइडचा, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचा होता. स्लाइडवर १८९७ आणि १९०३ च्या पेटंटच्या तारखा आहेत, मागच्या टोकाला मागल्या पायांवर उभा घोडा आहे. तो घोडा मी दहा मिनिटांच्या फरकाने वाचवला. वर मजुरी मागितली! मी निम्मी दिली, ते पण परतीची एसटी चुकू नये म्हणून. तो अजून म्हणत असेल की कोकणातलं गिऱ्हाईक चिकट.

त्याला समजत नव्हतं असं नाही. त्याची बाकीची गिऱ्हाइकं चकचकीतच मागतात. पण जुन्या हत्यारात जी किंमत असते ती मूळच्या थरात असते. विरलेला, कडांना पांढरा पडलेला, पण कारखान्यातून निघताना होता तोच थर. तो एकदा चाकावर गेला की परत येत नाही.

इथे भाच्याला मध्ये आणावं लागेल. तो टेक्सासला असतो. सिग सॉअर या पिस्तूल कंपनीने २०१९ मध्ये एम १७ या लष्करी पिस्तुलाची स्मरणावृत्ती काढली, मोजून ५,०००. अमेरिकेच्या लष्कराने २०१७ मध्ये बेरेटा एम ९ च्या जागी हे पिस्तूल निवडलं, त्याच्या आठवणीखातर. भाच्याने घेतली. व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवतो, झाकण उचलतो, परत लावतो. मी विचारलं, एकदा तरी झाडलीस का? "मामा, एक गोळी मारली की भाव पडतो." म्हणजे घुंगट न काढलेली नवरी. शिवाय ती ९ मिलिमीटरची, आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाला बंदी असलेला बोअर, तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटून उपयोगही नाही.

माझं मत पूर्वी असं होतं की पेटीवर 'मर्यादित' छापलं की झालं, वस्तू दुर्मिळ. ते मी बदललंय. पेटीवर छापण्याबद्दल आम्हा देवगडकरांना कोणी शिकवू नये. एप्रिलमध्ये वाशीच्या बाजारात 'देवगड हापूस' छापलेल्या पेट्या बघा आणि आतला आंबा कुठल्या राज्यातला ते वासावरून ओळखा. कोल्ट कंपनीने १९६० च्या दशकात पहिल्या महायुद्धातल्या लढायांच्या नावाने आपल्या '१९११' या मॉडेलच्या पिस्तुलाच्या आवृत्त्या काढल्या, सुंदर कोरीव काम, लाकडी पेटी. घेणाऱ्या प्रत्येकाने त्या जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्या तर दुर्मिळ कशा होणार? उलट शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीने १९४१ च्या सुमारास सैन्याच्या चाचणी ऑर्डरवर '१९११ ए १' मॉडेलची फक्त ५०० पिस्तुलं बनवली. कोणी जपायला म्हणून नव्हती बनवली. वापरली गेली, हरवली, झिजली. आज त्यांच्यासाठी संग्राहक घर गहाण ठेवायला तयार असतात. (सिंगरच्या तेलानेच मी माझं कोल्ट पुसत होतो हे लक्षात आलं तेव्हा एकटाच हसलो.)

माझ्या कोल्टचं गणित आणखी विचित्र. बत्तीस बोअरची ही पिस्तुलं १९०३ ते १९४५ पर्यंत पावणेसहा लाखांच्या आसपास बनली. अमेरिकेत हा काही दुर्मिळ माल नाही. पण आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यात सामान्य माणसासाठी हत्यारांची आयात बंद झाली, आणि त्याआधी जेवढी परदेशी पिस्तुलं देशात होती तेवढीच राहिली. त्यातही हे बत्तीसचं, म्हणजे बंदी नसलेल्या बोअरचं. कंपनीच्या मनातही नसताना सरकारी आदेशाने माझं पिस्तूल मर्यादित आवृत्ती झालं. भाव लाखांत. विकायचं मात्र परवानाधारकालाच, परवानगी घेऊन. आणि संग्रह म्हणाल तर कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच हत्यारं. काजूच्या बागेतल्या वानरांसाठी काडतुसाची बंदूक आधीच आहे, तेव्हा माझा संग्रह पूर्ण झाला. भाच्याला हे सांगितलं तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीय. दुसऱ्या महायुद्धात हेच कोल्ट अमेरिकन सैन्यातल्या जनरलांना स्वतःचं पिस्तूल म्हणून मिळायचं. त्यातल्या शेवटच्या काळातल्या पिस्तुलांवर ब्लूइंग नव्हतं, पार्करायझिंग होतं, म्हणजे फॉस्फेटचा राखाडी, खरखरीत थर. २०१५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने कोल्टच्या परवान्याने त्याच जनरल पिस्तुलाची नवी आवृत्ती काढली, राखाडी रंगातही. फोटो पाहून मी नाक मुरडलं होतं, म्हटलं गटाराच्या झाकणासारखं दिसतंय. आज पट्टीखालची भुकटी बघितल्यावर सांगतो, तो खरखरीत थर तेल धरून ठेवतो आणि आमच्या हवेला तोच लायक. चकचकीत निळं हे कोरड्या गावातल्या लोकांचं काम. लष्कराचा रांगडेपणा मला दिखावा वाटायचा. पण त्या राखाडी थरामागे चिखल आणि समुद्र यांचा हिशेब आहे.

म्हणून काय मी माझं पार्कराइज करणार? अजिबात नाही. वर सांगितलं ना, मूळचा थर.

सध्याची व्यवस्था अशी: होल्स्टर माळ्यावर, पिस्तूल कधीच त्यात नाही. कुलपाच्या लोखंडी पेटीत निळ्या सिलिका जेलची पुडी, दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर तापवून परत निळे. (तो तवा वेगळा ठेवा, आमच्या घरी त्यावरून दोन दिवस अबोला होता.) कोपऱ्यात वाटीभर कळीचा चुना, वर फडकं बांधून. खाचेला नेमका बसणारा पेचकस शेवटी विकत घेतला, आणि त्याची किंमत घरात सांगितलेली नाही. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला मेणाचा पातळ हात. पट्टीखालचा गंज तेल आणि बारीक तांब्याच्या तारेने उतरवला, दोन बारीक खड्डे राहिले. ते बाहेरून दिसत नाहीत, पण मला ठाऊक आहेत.

लग्नसराईत एकाने विचारलं होतं, वरातीत दोन बार उडवाल का. त्याला म्हटलं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि गोळीचा भाव वेगळा. गोळीचा भाव ऐकून गप्प बसला.

पुढची निवडणूक लागली की परत ठाण्यात जमा. या वेळी तेल पाजलेल्या सुती फडक्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह स्टीलच्या डब्यात देणार आहे. डबा आईचा, चकलीचा. दिवाळीच्या आत परत मिळाला पाहिजे अशी तिची अट आहे. पिस्तुलाबद्दल तिने काही अट घातलेली नाही.