ड्रोनच्या फील्डवर्कसाठी पेटीतलं मॉनिटरिंग स्टेशन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ड्रोनकडून येणारं चित्र आणि माहिती जमिनीवर बघायची ही पेटी. आठवड्याला दोन-तीन दिवस, बहुतेक मॅपिंग आणि अधूनमधून टॉवरची तपासणी, असा आठ महिन्यांचा वापर झाला आहे. कडक प्लास्टिकच्या पेटीत १५.६ इंची १००० निट्सचा (निट म्हणजे उजेडाचं माप) मॉनिटर, मिनी पीसी, व्हिडिओ रिसीव्हर, टेलिमेट्री रेडिओ (ड्रोनचे आकडे आणणारा-नेणारा), आरटीके बेस (ड्रोनची जागा सेंटिमीटरपर्यंत अचूक करायला जमिनीवर ठेवायचा रिसीव्हर) आणि चार सेलची २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. वजन साडेअकरा किलो. निकाल आधीच सांगतो: मॉनिटर आणि पीसी निवडण्यात जेवढं डोकं खर्ची पडलं, त्याच्या निम्मंही वीजपुरवठा आणि केबलवर पडलं नव्हतं, आणि बिघाड जवळपास सगळे तिथूनच आले.

विजेचा हिशेब असा. पूर्ण उजेडावर मॉनिटर २८ वॅट, मिनी पीसी सरासरी १८, रिसीव्हर ७, रेडिओ आणि आरटीके बेसचा जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा काढणारा) रिसीव्हर मिळून ३, पंखे आणि छोटा राउटर ६. एकूण ६२ वॅट. बॅटरी १२.८ व्होल्टची, म्हणजे २५६ वॅट-तास. कन्व्हर्टरमध्ये दहा टक्के गेले असं धरलं तर ३.७ तास निघतात, आणि शेतात साडेतीन मिळतात. ढगाळ दिवशी मॉनिटरचा उजेड निम्मा केला की साडेचारपर्यंत जातं. इन्व्हर्टर लावून पीसीचा मूळ चार्जर वापरायचा मोह टाळावा. डीसीचं एसी आणि एसीचं परत डीसी करण्यात वीज दोनदा वाया जाते, शिवाय इन्व्हर्टर काही जोडलेलं नसतानाही बॅटरी खात राहतो.

पहिली मोठी चूक म्हणजे ‘१२ व्होल्ट’ लिहिलेला पीसी थेट बॅटरीला जोडणं. भरलेली बॅटरी १३.४ च्या आसपास असते, उतरत आली की लोडखाली १२ च्या खाली जाते. तिसऱ्या तासाला पीसी अचानक रीस्टार्ट होतो आणि संशय विंडोजवर जातो. पीसीसाठी बक-बूस्ट कन्व्हर्टर लागतो, म्हणजे आत व्होल्टेज वर असो की खाली, बाहेर १२ च निघेल. नुसता स्टेप-डाउन इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या मीटरची. या जातीच्या बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं, मग शेवटी धपकन पडतं. त्यामुळे व्होल्ट बघून ‘अजून अर्धी आहे’ म्हणणं निव्वळ अंदाजपंचे. शंट (प्रवाह मोजायचा छोटा रोध) असलेला, आत-बाहेर जाणारे अँपिअर-तास मोजणारा मीटर लावावा आणि प्रत्येक पूर्ण चार्जनंतर तो शंभरवर आणावा. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नाही. वापरायला हरकत नाही.

मुख्य फ्यूज १० अँपिअरचा, बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितका जवळ. प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज: पीसीला ५, बाकीच्यांना ३. सगळं एकाच फ्यूजवर ठेवलं तर रिसीव्हरच्या केबलमधल्या एका शॉर्टने अख्खं स्टेशन बंद पडतं, तेही ड्रोन हवेत असताना.

आता उष्णता. पेटी काळी, ऊन डोक्यावर आणि पीसी फोममध्ये रुतवलेला, म्हणजे तो भट्टीतच. पाऊण तासाने पीसीतून येणारं चित्र अडखळायला लागतं आणि सगळे अँटेनाकडे बघतात. ओळखायची खूण सोपी आहे: सिग्नलचा आकडा स्थिर, पण चित्र थांबत-थांबत येतंय, तर रेडिओ निर्दोष आहे, पीसी तापून स्वतःचा वेग कमी करतोय. उपाय म्हणून फोम काढून पीसी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवला, पुढच्या बाजूला खाली हवा आत घेणारा आणि मागे वर बाहेर टाकणारा असे ८० मिमीचे दोन पंखे लावले. तेव्हापासून ही तक्रार नाही. आत घेणाऱ्या पंख्याची जाळी मात्र दर आठवड्याला झटकावी लागते.

स्क्रीनला १००० निट्स पुरतात, पण हूड (ऊन अडवणारी झडप) असेल तरच. आणि पोलराइज्ड गॉगल घालून मॉनिटर काळा दिसतोय म्हणून केबल बदलत बसू नका. मान तिरकी करून बघा, चित्र दिसेल. साधा गॉगल ठेवणं हा सगळ्यात स्वस्त सुटा भाग.

अँटेनाबाबत एकच नियम पाळला तरी पुष्कळ: रिसीव्हर अँटेनासह खांबावर चढवा आणि केबल खाली आणा. अँटेना वर आणि रिसीव्हर पेटीत, असं करू नका. ५.८ गिगाहर्ट्झला पातळ कोएक्स (अँटेनाची केबल) मीटरला साधारण २ डेसिबल किंवा जास्त गिळते. तीन मीटरचा खांब म्हणजे निदान ६ डेसिबल, थोडक्यात पाऊण सिग्नल केबलमध्येच मुरला. रिसीव्हर वर असेल तर वर फक्त १२ व्होल्ट जातात आणि खाली एचडीएमआय येतं. त्यावर एक पॅच (एका दिशेला रोखलेला) आणि एक ओम्नी (चहूबाजूंचा) अँटेना: लांब गेलेल्या ड्रोनला पॅच, जवळपास फिरणाऱ्याला ओम्नी. एसएमए आणि आरपी-एसएमए हे अँटेनाचे दोन सारखे दिसणारे कनेक्टर एकमेकांवर बिनदिक्कत आवळले जातात, पण मधली पिन जुळत नाही. ‘नवीन अँटेना खराब निघाला’ अशी तक्रार असेल तर आधी दोन्ही टोकं उघडून पिन मोजा, दोन्ही मिळून एकच हवी. पेटीवरच्या प्रत्येक सॉकेटला एक छोटा ॲडाप्टर कायमचा लावून ठेवला आहे. रोजची झीज त्याची होते, आतला सॉकेट वाचतो. एचडीएमआयलाही हाच न्याय.

यूएसबी ३ ची केबल आणि हार्डडिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. कंट्रोल लिंक (रिमोट आणि ड्रोनमधला दुवा) त्याच पट्ट्यात असेल तर पीसीजवळ रेंज घटते आणि कारण सापडत नाही. लॉग साठवायला यूएसबी २ पुरतं.

चित्र पीसीत कॅप्चर कार्डातून (एचडीएमआयचं चित्र पीसीत घेणाऱ्या उपकरणातून) नेलं की उशीर वाढतो, स्वस्त कार्डात तो सहज जाणवतो. म्हणून रिसीव्हरची एचडीएमआय थेट मॉनिटरला, पीसी दुसऱ्या इनपुटला. कॅप्चर फक्त रेकॉर्डिंगसाठी. पायलटने कॅप्चरच्या चित्रावर उडवू नये.

आरटीके बेसचा ट्रायपॉड पेटीपासून निदान तीन मीटर दूर, मोकळ्या आकाशाखाली. सर्व्हे-इन (बेसने काही वेळ सरासरी काढून आपली जागा ठरवणं) संपलं की बेसला स्वतःची जागा मिळते, पण ती खऱ्या जागेपासून मीटरभर चुकलेली असू शकते. एका उड्डाणापुरतं चालतं. तोच भाग महिन्याने पुन्हा मॅप करायचा असेल तर जमिनीवर खूण ठोकून तेच निर्देशांक हाताने भरायचे, नाहीतर दोन नकाशे एकमेकांवर बसत नाहीत. टेलिमेट्री ५७६०० बॉडच्या वेगावर असेल तर बेसकडून ड्रोनला जाणारा दुरुस्तीचा डेटा एमएसएम ७ ऐवजी एमएसएम ४ या छोट्या संदेशांत पाठवा. रेडिओ भरून गेला की ड्रोनचे आकडे उशिरा येऊ लागतात.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: क्यूग्राउंडकंट्रोल या ड्रोन-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशे निघण्याआधी ऑफलाइन उतरवून ठेवा, टेलिमेट्रीचा यूडीपी १४५५० पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा, विंडोजचे अपडेट थांबवा.

न सुटलेली अडचण बॅटरीच्या प्रवासाची आहे. प्रवासी विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी सहसा केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाहीच. २५६ ची पेटी रस्त्यानेच जाते. पुढच्या पेटीत ९८ वॅट-तासांच्या तीन व्ही-माउंट बॅटऱ्या (व्हिडिओ कॅमेऱ्यांना चटकन लावता-काढता येणाऱ्या) बसवायच्या ठरल्या आहेत. वजन तेवढंच राहील, एक काढून दुसरी लावताना पीसी बंद पडणार नाही यासाठी दोन माउंट आणि मध्ये डायोड लागेल. १४.४ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की १६.८ ला जाते, तेव्हा आत्ताचा बक-बूस्ट तेवढं सोसतो का, हे त्याच्या लेबलवर बघूनच जोडणी होईल.