युर-लेक्स: युरोपियन युनियनचा कारभार मुळातून वाचायचा असेल तर इथेच या

युरोपियन युनियन कसं चालतं यावर लेख ढीगभर मिळतात, पण तिथला एखादा कायदा नेमका कुठून निघाला, कुणाकुणाच्या हातातून गेला, वाटेत काय बदललं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर युर-लेक्स ही साइट उघडा. फुकट आहे, वाचायला अकाउंटही लागत नाही. चालवतं युनियनचंच पब्लिकेशन्स ऑफिस, लक्झेंबर्गवाले. त्यांचं गॅझेटही इथेच येतं, आणि 1 जुलै 2013 पासून ऑनलाइन प्रतच अधिकृत धरतात, छापील नाही.

मला सगळ्यात आवडतो तो प्रोसिजरचा भाग. डेटा प्रायव्हसीचा तो गाजलेला जीडीपीआर घ्या. कमिशनने, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या संस्थेने, प्रस्ताव मांडला 25 जानेवारी 2012 ला, पार्लमेंटचं पहिलं वाचन मार्च 2014, कौन्सिलची, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांची, भूमिका ठरली एप्रिल 2016 मधे, 27 एप्रिलला सही आणि प्रत्यक्ष लागू 25 मे 2018 ला. सहा वर्षांचा प्रवास तारखांसकट एका पानावर, आणि त्यातले बरेचसे कागद तिथूनच उघडतात! हे बघताना सत्ता कुणाकडे किती आहे ते आपोआप कळत जातं. म्हणजे प्रस्ताव आणायचा हक्क जवळपास नेहमी कमिशनकडेच, निवडून आलेलं पार्लमेंट बदल सुचवेल, फेटाळेल, पण स्वतःहून बिल आणू शकत नाही, आणि कौन्सिलमधे बहुतेक विषयांना 55 टक्के देश म्हणजे आता 27 पैकी 15, शिवाय त्यांची लोकसंख्या मिळून 65 टक्के, एवढं जमलं की झालं. जीडीपीआरला कौन्सिलमधे ऑस्ट्रियाने विरोधात मत दिलं होतं, तरी कायदा ऑस्ट्रियालाही तसाच लागू झाला. देशांच्या वरची संस्था म्हणतात ती हीच. (कुणी कसं मत दिलं हे बघायला मात्र कौन्सिलच्या साइटवर जा.)

जीडीपीआर हे रेग्युलेशन, म्हणजे सगळ्या देशांत थेट लागू. डायरेक्टिव्ह असेल तर अजून मजा, कारण ते प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात उतरवायचं असतं आणि कुठल्या देशाने त्यासाठी कुठले कायदे केल्याचं कळवलंय ती यादीच इथे मिळते. व्हिसलब्लोअर, म्हणजे आतले गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचं 2019/1937 काढून बघा, मुदत होती 17 डिसेंबर 2021, त्यापुढच्या तारखा बघितल्या की कोण किती रेंगाळलं ते दिसतं.

24 भाषांत मजकूर आहे आणि तीन भाषा शेजारी शेजारी लावून वाचता येतात, भाषांतर करणाऱ्यांनी तर हे बघाच. सर्चमधे नुसता शब्द टाकू नका, रिझल्ट्सचा पूर येतो, सरळ कायद्याचा नंबर टाका. जीडीपीआरच्या 32016आर0679 मधला 3 म्हणजे कायदा, मग वर्ष, आर म्हणजे रेग्युलेशन, शेवटी क्रमांक. नंबर रोमन लिपीत टाकायचा अर्थात. आणि दुरुस्त्या एकत्र केलेली प्रत वाचायला सोपी असली तरी ती फक्त सोयीसाठी असते, कायदेशीर कामाला मूळ गॅझेटच लागतं.

जे इथे सहज सापडत नाही ते म्हणजे ट्रायलॉग. कमिशन, पार्लमेंट, कौन्सिल तिघांचे लोक बंद दाराआड बसून तडजोड करतात आणि बहुतेक कायद्यांचा खरा मजकूर तिथेच ठरतो. चार रकान्यांचा कागद असतो, तीन रकान्यांत तिघांच्या भूमिका, चौथ्यात तडजोड. तो चौथा रकाना मिळावा म्हणून पार्लमेंटचे माजी अधिकारी एमिलिओ दे कापितानी कोर्टात गेले आणि 22 मार्च 2018 ला युनियनच्या जनरल कोर्टाने पार्लमेंटचा नकार रद्द केला. तो निकाल याच साइटवर आहे, केस टी-540/15, जरूर वाचा. निकाल लागूनही हे कागद आपणहून, वेळेवर लोकांसमोर येत नाहीत ही मला गंभीर गोष्ट वाटते, कारण मत मांडायची वेळ तेव्हाच असते, कायदा छापून आल्यावर नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. नवीन असाल तर आधी साइटवरचे सोप्या भाषेतले सारांश वाचा, मग प्रोसिजरकडे वळा.