कुप्यासाठी पहिलं रील: बीजी, स्पिनफिशर की स्लॅमर?

जिताडा, तांबोशी गरवण्यात हात बसलेला माणूस पहिल्यांदा कुप्यामागे (ट्यूनामागे) खोल समुद्रात निघतो तेव्हा हमखास खाडीतलंच ४००० नंबरचं रील, म्हणजे रॉडवरचं लाइन गुंडाळायचं यंत्र, सोबत घेतो. जिताड्याला खुंटांपासून वळवलं की अर्धं काम झालं. कुपा, म्हणजे दक्षिण कोकणातला गेदर, आडोसा शोधत नाही. तो दूर धावतो, मग सरळ खाली बसतो, आणि मोठा असला तर पहिल्याच धावेत शंभर मीटर लाइन नेतो. इतका वेळ सतत फिरून लहान रीलाच्या ड्रॅगचे, म्हणजे सुटणाऱ्या लाइनला धरणाऱ्या ब्रेकचे, वॉशर तापतात, ड्रॅग अडकत-सुटत चालतो आणि लाइन तुटते. म्हणून स्पिनिंग रील ८००० च्या मापाचंच घ्यावं. पेनच्या क्रमांकात हेच माप साधारण ८५०० म्हणून येतं.

नवशिक्यांच्या खिशाला आणि कामाला जुळणारी तीन रीलं इथे तपासली आहेत.

दायवा बीजी ८००० सर्वांत स्वस्त. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, गियर दणकट, फिरवायला गुळगुळीत. ड्रॅग १५ किलोपर्यंत, म्हणजे गरजेपेक्षा भरपूर. उणीव एकच, पण मोठी: पूर्ण सीलबंद नाही. उडणारं खारं पाणी आत जातं आणि लाइन ज्यावरून वळते त्या रोलरचं बेअरिंग आधी कुरकुरायला लागतं. रील उघडून ग्रीस भरायची सवय असेल, तर या किमतीत दुसरं काही बघू नये.

पेन स्पिनफिशर सिक्स ८५०० सीलबंद आहे, आयपीएक्स-५ या पाणीरोधक दर्जाचं. ड्रॅग १८ किलो. स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चकरीवर, रबरी पट्टी असल्यामुळे विणलेली (ब्रेडेड) लाइन थेट बांधता येते, घसरत नाही. बीजीइतकं मऊ फिरत नाही आणि हातात जड लागतं. तरीही वर्षातून चार-पाच वेळा बोटीवर जाणाऱ्या आणि रील उघडायला कचरणाऱ्या माणसासाठी आमची पहिली पसंती हीच.

पेन स्लॅमर फोर ८५०० चं अंग पूर्ण धातूचं, दर्जा आयपीएक्स-६, ड्रॅग २७ किलो. किंमत बीजीच्या दुपटीच्या पुढे. कोकण-गोव्यासमोर किनाऱ्याच्या आवाक्यात मिळतो तो बहुतेक लहान जातींचा कुपा, कारण इथला उथळ तळ दूरवर पसरलेला आहे. मुंबईसमोर तर जवळपास ३०० किलोमीटर. अंदमानात बेटापासून थोड्याच अंतरावर पाणी एकदम खोल होतं, आणि पिवळ्या पराचा मोठा कुपा किंवा डॉगटूथ जातीचा कुपा तिथे भेटतो. तिकडे जायचं पक्कं असेल तरच स्लॅमर घ्या. उगाच घेतलं तर दिवसभर पॉपर (पाण्यावर उडवायचं नकली आमिष) फेकून मनगट भरून येईल.

सीलबंद म्हणजे बुडालं तरी चालेल असं नाही. आयपीएक्स-५ आणि ६ या दोन्ही चाचण्या पाण्याच्या फवाऱ्याच्या आहेत, बुडवण्याच्या नाहीत.

खोक्यावरचा ड्रॅगचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. ५० पौंडाची लाइन साडेबावीस किलोला तुटते. ड्रॅग तिच्या पाव ते एकतृतीयांश ठेवायचा, म्हणजे साडेपाच ते साडेसात किलो. नवशिक्याने सहावर थांबावं. बोटाने ओढून अंदाज करू नका. ताणकाटा (ओढ मोजायचा स्प्रिंगचा काटा) लाइनला अडकवा, रीलमधून सरळ ओढा आणि स्पूल फिरायला लागताना काटा वाचा. मासा धावतोय म्हणून ड्रॅग घट्ट करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की ओढीचा जोर आपोआप दुप्पट होतो: सहाचा बारा. त्यात गाइडमधलं, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमधलं, घर्षण. लाइन भराभर जात असेल तर ड्रॅग थोडा सैल करायचा असतो.

लाइन किमान ३०० मीटर. भरताना ओल्या फडक्यात धरून, दोन-तीन किलोच्या ताणाने भरा, स्पूलच्या काठाखाली दोन मिलिमीटर ठेवून. दुकानात हाताने सैल गुंडाळून देतात. मग मासा ओढू लागला की वरचा थर खालच्या थरात रुततो, लाइन जागीच थबकते आणि तुटते. दोष मात्र रीलवर येतो. पुढे ६० ते ८० पौंडाचा दीड-दोन मीटर लीडर, म्हणजे टोकाचा जाड दोरा, एफजी गाठीने (लीडरभोवती ब्रेडचे वेढे घालून बांधायच्या गाठीने) जोडा. गाठ ओली करून जोरात ताणली की वेढ्यांचा रंग गडद होतो. रंग फिकाच राहिला तर ती घसरणार, नव्याने बांधा.

रॉड साडेसात ते आठ फुटांचा, पीई (ब्रेडेड लाइनच्या जाडीचं माप) ४ ते ६ चा, ४० ते १२० ग्रॅमचं आमिष फेकणारा. लोक काठीसारखा ताठ रॉड ‘मजबूत’ समजून घेतात, आणि तो सगळा भार कमरेवर टाकतो. घेण्याआधी दुकानातच लाइन ओवून ताणकाट्याला बांधा, रॉड ४५ अंशांत धरा आणि सहा किलोचा ताण एक मिनिट पेलून पाहा. हात थरथरले तर तो रॉड तुमचा नाही. बोटीजवळ आलेल्या माशावर रॉड सरळ उभा कधीही करू नका. वाक टोकात गोळा होतो आणि ग्रॅफाइट तिथेच मोडतं. प्रत्येक गाइडच्या कड्यातून कापूस फिरवा. धागा अडकला तर तिथे चीर आहे.

ट्रोलिंगचं, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढायचं, लिव्हर ड्रॅग रील आत्ताच घेऊ नका. शिमानो टीएलडी २५ चांगलं आहे, पण भाड्याच्या बोटीवर असली रीलं बहुतेक असतातच. आधी तांडेलाला विचारा.

परत आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीलवर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करा. नळाची जोरदार धार मीठ आत ढकलते आणि बादलीत बुडवणं त्याहून वाईट. पुसून ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दबून राहतात. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत लाइन काढून उलट बाजूने भरा, म्हणजे न वापरलेलं टोक वर येतं.