कल्टारचा प्रश्न आणि वादळाचा प्रश्न: प्रयोग करावा की निरीक्षण?

हापूसच्या बागांवर प्रकल्प करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आधी ठरवावे लागते, ते प्रयोग करायचा की निरीक्षणात्मक अभ्यास. माहिती दोन्हींत गोळा होते. मात्र कोणत्या झाडाला काय मिळणार हे प्रयोगात संशोधक ठरवतो, तर निरीक्षणात ते बागायतदाराने किंवा निसर्गाने आधीच ठरवलेले असते.

कल्टारमुळे (झाडाची वाढ रोखणाऱ्या पॅक्लोब्युट्राझोल या रसायनामुळे) मोहोर लवकर येतो का, हे पाहायचे आहे असे समजा. रत्नागिरीपासून देवगडपर्यंत कल्टार घातलेल्या आणि न घातलेल्या बागांची तुलना केली, तर ते निरीक्षण झाले. पण कल्टारवर पैसे घालणारा बागायतदार बहुधा खत, छाटणी आणि फवारणीवरही खर्च करतो, त्यामुळे लवकर आलेल्या मोहोराचे श्रेय नेमके कशाला द्यावे हे सांगता येत नाही. बागा सातबाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडल्या तरी ही अडचण सुटत नाही, आणि पुष्कळांची गफलत होते ती इथेच: यादृच्छिक निवडीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून बागा निवडल्याने, निष्कर्ष साऱ्या तालुक्याला लावता येतो, कार्यकारणासाठी मात्र यादृच्छिक वाटपच लागते, म्हणजे कल्टार कोणाला द्यायचे हेच चिठ्ठीने ठरवावे लागते.

म्हणून एकाच बागेतली सारख्या वयाची कलमे घ्यावीत, कातळावरची आणि सखल जमिनीतली असे त्यांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटात कल्टार कोणत्या कलमाला द्यायचे हे चिठ्ठीने ठरवावे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात शेतीच्या प्रयोगांसाठी हीच दिशा घालून दिली. हापूस बहुधा वर्षाआड भरघोस फळतो, तेव्हा गट पाडताना गेल्या हंगामाचे उत्पन्नही पाहावे आणि नोंदी किमान दोन हंगाम ठेवाव्यात. शिवाय कल्टार जमिनीतून देतात, म्हणून ते शेजारच्या मुळांपर्यंत पोहोचण्याची शक्यता धरून मधली कलमे हिशेबाबाहेर ठेवावीत. एकच बाग मिळाली तरी या प्रश्नासाठी प्रयोगच करावा, असे माझे ठाम मत आहे.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात वारा अडवणाऱ्या सुरूच्या झाडांच्या रांगांनी बागा वाचवल्या का, हा प्रश्न असेल, तर निरीक्षणाला पर्याय नाही. अशा वेळी उतार, किनाऱ्यापासूनचे अंतर आणि झाडांचे वय नोंदवून सारख्या बागांचीच आपसांत तुलना करावी, आणि जे घटक नोंदवता आले नाहीत त्यांचा उल्लेख अहवालात निष्कर्षाशेजारीच करावा.