कॅनडाच्या नादात आमचे ४ लाख ३९ हजार ५०० रुपये गेले

आधीच सांगते, "एवढे शिकलेले असून कसे फसलात" हे वाक्य आई, जाऊबाई, बँकेतला माणूस आणि दोन हवालदार यांच्या तोंडून ऐकून झालंय, त्यामुळे ते सोडून काय बोलायचं ते बोला.

मी ९ वर्षं अकाउंट्सला होते. रोजचं काम काय, तर बिलावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्या खात्याचं नाव एकच आहे का ते बघायचं, नसेल तर पेमेंट अडवायचं. एका अक्षराचा फरक असला तरी मी बिल परत पाठवायचे, ऑफिसात मला होल्ड मॅडम म्हणायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

गेल्या वर्षी जानेवारीत नवऱ्याची नोकरी गेली, त्यांच्या कंपनीने एक अख्खी लाइनच बंद केली, आणि मार्चमध्ये माझी. घराचा हप्ता १८,२०० दर ५ तारखेला ठरलेला. दोघांनी मिळून सत्तरेक ठिकाणी अर्ज केले असतील, तीन ठिकाणांहून फोन आले, त्यातले दोघं निम्म्या पगाराची भाषा करत होते. दुपारी दोघंही घरात, एकमेकांकडे न बघता मोबाईल चाळत बसलेलो, अशा वेळी ती जाहिरात समोर आली. "कपल पॅकेज. नवऱ्याला जॉब ऑफर, बायकोला ओपन वर्क परमिट, दोघं एकत्र उडा." (ओपन म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची मुभा.) त्या "दोघं एकत्र"ने मारलं आम्हाला. परदेशाचा विचार आधीही झाला होता पण एकाने जायचं आणि एकाने मागे राहायचं यावर गाडी अडायची.

पुढे काय होतं ते तुम्हाला माहितीये. फॉर्म भरला की फोन येतो, ग्रुपमध्ये घेतात, ग्रुपवर रोज कोणाचा तरी पासपोर्ट धरून हसणारा फोटो, "काँग्रॅच्युलेशन्स"चा पाऊस. तेही आम्हाला माहिती होतं हो! म्हणूनच म्हटलं फोनवर पैसे द्यायचे नाहीत, आधी ऑफिस बघायचं. ऑफिस होतं. काचेची केबिन, टेबलावर पृथ्वीचा गोल, भिंतीवर मेपलच्या पानाचा झेंडा, चहा देणारा मुलगासुद्धा होता. नवऱ्याने सरळ विचारलं, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर काय. तो हसून म्हणाला, "सर ते गल्फच्या लेबरसाठी असतं, आपण इमिग्रेशन कन्सल्टन्सी आहोत." साफ खोटं. परदेशातल्या नोकरीवर माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली एजंटची नोंदणी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून दोन मिनिटांत तपासता येतं, आणि नोंदणी असलेला एजंटसुद्धा सर्व्हिस चार्ज ३० हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेऊ शकत नाही. हे मला कधी कळलं? सगळं झाल्यावर.

मग त्याने कॅनडाच्या कन्सल्टंटचा आर ने सुरू होणारा लायसन्स नंबर दाखवला. नंबर खरा निघाला, फक्त माणूस दुसराच. तिकडे या कन्सल्टंटना लायसन्स देणारी संस्था आहे, तिला कॉलेज म्हणतात, तिच्या वेबसाइटवर रजिस्टर सगळ्यांना उघडं असतं, नंबर टाकला की नाव येतं. नंबर आहे म्हणून खूश होऊ नका, नाव जुळवा. (मी सांगतेय हे. मी!)

फाइल उघडायचे ५,०००. त्यानंतर व्हिडिओ इंटरव्ह्यू, पलीकडे कोणीतरी "एचआर", कॅमेरा बंद, सात मिनिटं. फूड पॅकिंगचं काम, २० किलो उचलू शकता का, थंडीत उभं राहू शकता का, झालं. त्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याने भरलेला गॅस सिलिंडर स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत नेऊन परत आणून ठेवला होता, सराव म्हणून. बारा वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस. आता ते आठवलं की मी त्या सिलिंडरकडे बघू शकत नाही.

आठवड्याने ऑफर लेटर आलं आणि त्यासोबत एलएमआयएचे १,२०,०००. म्हणजे कॅनडातल्या मालकाला बाहेरचा माणूस घ्यायचा तर तिथल्या सरकारकडून जी परवानगी काढावी लागते ती. मालकाने जास्तीचे पैसे मागितलेत, तुमच्या वाट्याला एवढे येतात, असं सांगितलं. खरी गोष्ट अशी की त्या परवानगीची फी एका जागेला १,००० कॅनेडियन डॉलर, ती मालकानेच भरायची आणि कामगाराकडून ती वसूल करायलाच बंदी आहे. एलएमआयएचे पैसे कोणी मागितले तर तिथेच उठा. चहा पण संपवू नका.

आता ती वेळ सांगते. केबिनमध्ये त्याने क्यूआर पुढे केला. मी स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं ते अमुक मोबाईल अँड गिफ्ट सेंटर. नवरा बाजूला बसून बघत होता, त्याने हळूच विचारलं, "अगं हे कोणाचं नाव आहे?" एजंट तोंड उघडायच्या आत मी बोलले. मी! म्हटलं, "अरे असं येतं कधीकधी, मर्चंट अकाउंट दुसऱ्या नावावर असतं." मग एजंटने मान हलवली, "बरोबर बोलल्या मॅडम, आमच्या फर्मचं केवायसी अपडेट चालू आहे, हे पार्टनरचं खातं." म्हणजे त्याला थाप मारायचे कष्टसुद्धा पडले नाहीत, अर्धी थाप मीच मारून दिली. नऊ वर्षं ज्या एका गोष्टीवर मी लोकांची पेमेंटं अडवली तीच गोष्ट डोळ्यासमोर सहा इंचावर, मोठ्या अक्षरात, आणि मी पिन टाकला.

आणि अजून ऐका. यूपीआयला दिवसाची लिमिट १ लाख, त्यामुळे त्या दिवशी १ लाख गेले आणि २० हजार दुसऱ्या दिवशी घरून पाठवायचे होते. म्हणजे मला अख्खी एक रात्र मिळाली होती. सकाळी पुन्हा तेच नाव आलं, मोबाईल अँड गिफ्ट सेंटर, मी क्षणभर थांबले, अंगठा स्क्रीनच्या वर तसाच. मग वाटलं आता विचारलं तर तो म्हणेल काल का नाही विचारलं, आणि नवऱ्यापुढे कबूल करावं लागेल की काल मी उगाच शहाणपणा केला. फक्त तेवढ्यासाठी. २० हजार.

एकदा १ लाख २५ हजार अडकले की पुढचं देणं सोपं जातं, ज्यांचे गेलेत त्यांना कळेल. मेडिकलचे दोघांचे १४,६०० त्याच्याच लिंकवर भरले, कुठल्याशा लॅबमध्ये रक्त दिलं. कॅनडाचं मेडिकल त्यांच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडेच होतं, दुसऱ्या कोणाचं चालतच नाही. व्हिसा फी म्हणून ३८,४००. खरी फी वर्क परमिटची १५५ डॉलर आणि बायोमेट्रिकची ८५, एकाची, बाकीचं गणित तुम्ही करा, मी केलं तेव्हा उशीर झाला होता. अर्जाचं लॉगिन मागितलं तर "पोर्टल एजंटलाच दिसतं". लॉगिन देत नाही म्हटल्यावर तिथेच शंका यायला हवी होती. मग रिफंडेबल सिक्युरिटी डिपॉझिट २,००,०००, तुम्ही तिकडे जाऊन मालकाला सोडून पळू नये म्हणून, म्हणजे चोर आम्हाला म्हणत होता पळू नका. त्यासाठी नवऱ्याचा पीएफ आणि माझ्या पाटल्या. पाटल्या अजून गहाणच आहेत.

पुढे वर्क परमिटच्या दोन पीडीएफ आल्या, दोघांच्या नावाच्या, वर झेंडा, खाली शिक्का. आम्ही त्या रात्री रडलो, आनंदाने. कॅनडाचं वर्क परमिट बाहेरून जाणाऱ्याला तिकडे विमानतळावर उतरल्यावर छापून हातात देतात, आधी येतं ते फक्त मंजुरीचं पत्र आणि पासपोर्टवरचा व्हिसा. आणि मुळात ते "बायकोला ओपन परमिट" प्रकरण तर अजून भारी. २१ जानेवारी २०२५ पासून ते फक्त वरच्या दर्जाच्या आणि काही ठराविक कामांवर असलेल्यांच्या जोडीदाराला मिळतं. पॅकिंग हेल्परच्या बायकोला नाही. म्हणजे आम्ही ज्या पॅकेजला भुललो ते आम्ही जाहिरात बघितली त्या दिवशी जगात कुठे अस्तित्वातच नव्हतं. सरकारी वेबसाइटवर लिहिलेलं होतं, फुकट. पण आम्हाला इंग्रजी येतं, आम्ही ग्रॅज्युएट, आम्ही ग्रुपवरचे फोटो वाचत बसलो.

शेवटचे ६१,५०० तिकिटं ब्लॉक करायला, ११ ऑगस्टला. १९ ला फोन बंद. ऑफिसला गेलो तर पृथ्वीचा गोल टेबलावर तसाच, माणूस नाही. बिल्डिंगवाला म्हणतो केबिन तीन महिन्यांच्या भाड्यावर दिलेली, त्यांचं ॲग्रीमेंट मी कशाला दाखवू.

आता खरी करमणूक. आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो तर पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरला गेलो तर तुम्ही माणसाला समोरासमोर भेटलात, ही साधी फसवणूक आहे, ऑफिस ज्या हद्दीत आहे तिकडे जा. तिकडे गेलो तर साहेब बंदोबस्ताला, उद्या या, उद्या गेलो तर साहेब कोर्टात. तिसऱ्या दिवशी भेटले, सगळे कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले हे सिव्हिल मॅटर वाटतंय, सर्व्हिस घेतली, सर्व्हिस मिळाली नाही, ग्राहक मंचात जा. खोट्या सरकारी शिक्क्याचं वर्क परमिट टेबलावर पडलेलं असताना ग्राहक मंच! बाजूचा हवालदार तर म्हणाला, "ताई, फॉरेनला जायचं म्हटल्यावर पैसे जाणारच." साधा अर्ज घेतला, पोच दिली, एफआयआर नाही. नवरा गप्प उभा, मी भांडत होते, तर मलाच सांगतात आवाज कमी करा.

तेव्हा मला माहिती नव्हतं, तुम्ही माहिती करून घ्या. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, स्पष्ट आहे. नाहीच घेतला तर त्याच कलमाखाली लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली तेव्हा कुठे महिन्याभराने भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागलं, जुन्या भाषेत ४२०. त्या महिन्याभरात तो माणूस कुठल्या कुठे गेला असेल.

बँक तर बोलायलाच नको. पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम, मग ही ऑथोराइज्ड ट्रान्झॅक्शन. बरोबर आहे, मीच टाकला. पण जे खातं दिवसभर लाखाने पैसे घेतं आणि संध्याकाळी रिकामं होतं, ते मोबाईल कव्हर विकणाऱ्याचं आहे हे तुमच्या सिस्टिमला दिसत नाही का? माझ्या सासूबाईंना लाइफ सर्टिफिकेटला दोन दिवस उशीर झाला तर पेन्शन अडवायला बरी सिस्टिम चालते यांची. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन मी २० ऑगस्टला केला, शेवटचं पेमेंट होऊन ९ दिवस झाले होते. फोन उचलणारी मुलगी चांगली बोलली, खरं सांगते, या सगळ्या प्रकरणात एकटीच. म्हणाली मॅडम, पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर पुढच्या खात्यांत अडवता आले असते. अडवलेले किती, तर ११,२४०. तेही खात्यात गोठून पडलेत. त्यामुळे शंका आली की आधी १९३०, मग एजंटला जाब. आम्ही उलटं केलं, दोन दिवस त्याला मेसेज करत बसलो की भाऊ असं नका करू. आणि चॅट डिलीट करू नका, नवऱ्याने संतापून ग्रुप सोडला आणि अर्धे पुरावे गेले.

पासपोर्ट मात्र वाचले, ते "सबमिशनला लागतील" म्हणून मागितले होते आणि नवऱ्याने फक्त झेरॉक्स दिली. त्याबद्दल मी त्याला तेव्हा ओरडले होते की तुझ्यामुळे फाइल लेट होतेय.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. ऑफर लेटर आलं त्या दिवशी केबिनमध्ये आमचा फोटो काढला होता, आठवण म्हणून, लेटर हातात धरून. मागच्या आठवड्यात माझ्या चुलत भावाने तोच फोटो मला पाठवला, कुठल्याशा नव्या ग्रुपवरून, या वेळी देश पोलंड, खाली "आमचं आणखी एक कपल पोहोचलं". लेटरवरचं नाव पुसलंय, चेहरे तसेच. मी ठाण्यात फोन करून सांगितलं तर म्हणाले प्रिंट काढून आणा. आणून दिली, रंगीत. तुम्हाला कुठे दिसला तर ओळखा, निळा कुर्ता घातलेली बाई आणि तिच्या बाजूला चेक्सचा शर्ट घातलेला माणूस, मागे भिंतीवर मेपलचा झेंडा. ते आम्ही. आम्ही कुठेही पोहोचलो नाही, घरीच आहोत, आणि ज्याने ग्रुपवर त्या फोटोखाली "काँग्रॅट्स, फी किती लागली?" विचारलंय त्याने मला फोन करावा, मी आकडा सांगते.